वडिलांना पार्किन्सन्सचं निदान झालंय: गोळ्यांच्या वेळा, व्यायाम, आणि आपल्यासारखी माणसं कुठे भेटतील?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. वडील ६३ वर्षांचे, मुक्काम कराड. उजव्या हाताला कंप, चाल मंदावलेली, अक्षर बारीक झालेलं. कोल्हापूरच्या न्यूरोलॉजिस्टनी पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं आणि सिन्डोपा प्लस अर्धी अर्धी गोळी दिवसातून तीनदा सुरू केली. एमआरआय नॉर्मल आहे, त्यामुळे घरात निम्म्या लोकांना निदानच चुकलंय असं वाटतंय.

विचारायचं ते असं. गोळी जेवणाआधी की नंतर? सध्या घेतल्यावर मळमळतं. व्यायाम नेमका कोणता? बाबा हात खिशात घालून बसतात, कट्ट्यावर जाणं बंद केलंय; अशा लोकांचा एखादा गट असतो का, आणि कराडसारख्या गावात तो कसा शोधायचा? सरकारी कागदपत्रांचं काही करून ठेवायला हवं का? माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

बिनसाखर

आधी एमआरआयचं. पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. तो काढतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला: मेंदूतले पक्षाघाताचे छोटे झटके, पाणी साठणं, गाठ. निदान होतं ते डॉक्टरांनी हात, मनगट, चाल तपासून. हालचाल मंद असणं हवंच, आणि त्याच्या जोडीला कंप किंवा ताठरपणा. सुरुवात एका बाजूने होणं आणि लेव्होडोपाने (सिन्डोपातलं मुख्य औषध) स्पष्ट फरक पडणं ही त्याला बळकटी देणारी लक्षणं. उलट पहिल्या वर्षातच वारंवार पडणं, खाली बघता न येणं, उभं राहिलं की रक्तदाब एकदम कोसळणं, असं काही दिसलं तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पार्किन्सन्ससारखे दिसणारे दुसरे आजार असतात आणि त्यांचा मार्ग वेगळा असतो.

आता मळमळ. प्लसच्या एका गोळीत १०० मिग्रॅ लेव्होडोपा आणि २५ मिग्रॅ कार्बिडोपा असतं. लेव्होडोपाचं डोपामिन (हालचालीला लागणारं, या आजारात कमी पडणारं रसायन) मेंदूत व्हायला हवं. ते वाटेतच, रक्तात झालं तर उलटीची भावना येते. ते वाटेतलं रूपांतर अडवणं हे कार्बिडोपाचं काम, आणि ते नीट व्हायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिग्रॅ लागतं. तुमचं गणित करा: अर्धी गोळी तीनदा म्हणजे कार्बिडोपा ३७.५ मिग्रॅ. म्हणजे सध्या मळमळणं अपेक्षितच आहे. डोस वाढेल तसं बहुधा कमी होईल. तोपर्यंत गोळीबरोबर एखादं बिस्किट, राजगिऱ्याची वडी किंवा थोडे चुरमुरे द्या. तरी थांबलं नाही तर डॉक्टर डॉमपेरिडोन देतात. हृदयाचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं.

याच कारणाने दुकानदार ‘प्लस संपली, ११० न्या, एकच आहे’ म्हणाला तर घेऊ नका. ११० मध्ये लेव्होडोपा तेवढंच, पण कार्बिडोपा फक्त १०. आणि ‘सीआर’ लिहिलेली गोळी वेगळीच, ती हळूहळू विरघळते. ती कुटायची नाही, चावायची नाही. पाकिटावरचं पूर्ण नाव आणि दोन्ही आकडे बघून घ्यायची सवय आत्ताच लावा, पुढे तीनचार प्रकारच्या गोळ्या झाल्या की गोंधळ होतो.

जेवणाचं: मळमळ गेली की गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास किंवा जेवणानंतर दीड तासाने, भरपूर पाण्याबरोबर. डाळ, दूध, पनीर, अंडी, मटण यांतली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून आत शिरायला एकाच वाटेने जातात आणि गर्दीत गोळी मागे राहते. सुरुवातीच्या काळात हा फरक फारसा जाणवत नाही, म्हणून आत्तापासून घड्याळ लावून घरच्यांचा जीव काढू नका. प्रथिनं बंद तर अजिबात करायची नाहीत, वजन उतरतं. चहातल्या दुधाने काही बिघडत नाही. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. एकादशी असो, संकष्टी असो, गोळी चुकवायची नाही.

लघवी किंवा घाम तांबूस-काळपट दिसला, बनियनला डाग पडले तर घाबरू नका, ते औषधामुळे होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे न द्यायच्या औषधांची यादी. चक्कर आली की गावात सर्रास स्टेमेटिल देतात, उलटी झाली की पेरिनॉर्म. दोन्ही डोपामिन अडवतात आणि पार्किन्सन्स एका दिवसात वाढल्यासारखा दिसतो. चक्करीसाठीच मिळणारी सिनॅरिझिन आणि अर्धशिशीवरची फ्लुनारिझिन हीसुद्धा त्याच माळेतली. भ्रम झाला म्हणून हॅलोपेरिडॉल देतात, तेही नको. उलटीवर ऑन्डान्सेट्रॉन सहसा चालतं. ही नावं मराठीत एका कार्डावर लिहून बाबांच्या पाकिटात ठेवा, आणि फॅमिली डॉक्टरांनाही एक प्रत द्या. त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं.

आणि मनाने गोळी बंद कधीही करायची नाही. अचानक बंद केली तर अंग लाकडासारखं ताठरून ताप येऊ शकतो. तो जीवघेणा ठरू शकतो. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवतात तेव्हाही सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारून ठेवायचं.

पाऊलवाट

वर औषधांचं छान आलंय. मी व्यायामाचं आणि घराचं लिहिते (फिजिओथेरपी हा माझा व्यवसाय).

व्यायाम कधी? गोळी घेतल्यावर साधारण पाऊण ते एक तासाने अंग मोकळं होतं, तेव्हा. सकाळी उठल्या उठल्या, गोळी पोटात नसताना चालायला पाठवू नका. आठवड्याला एकूण १५० मिनिटं, घाम येईल आणि गाणं म्हणता येणार नाही पण बोलता येईल इतक्या जोराने. नुसती संथ फेरी पुरत नाही. या आजारात मेंदू हालचाल लहान करून टाकतो आणि माणसाला ती पुरेशीच वाटते. म्हणून सगळं मोठं करायला शिकवायचं: मोठं पाऊल, टाच आधी, हात खांद्यापर्यंत झुलते. भिंतीला पाठ लावून टाचा, पाठ, डोकं टेकवायचं आणि दोन्ही हात वर नेऊन भिंतीला लावायचे, दहा वेळा. खुर्चीतून हात न टेकता उठणं, दहाचे दोन फेरे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे एका पायाने पुढे, बाजूला, मागे पाऊल टाकून परत येणं. यासाठी शेजारी ओटा किंवा जड टेबल हवं.

खुर्चीतून उठताना लोक काय करतात, पाय पुढे ठेवून मागच्या मागे जोर लावतात आणि परत बसतात. क्रम असा: कडेला सरका, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाका, मग उठा. खुर्चीला हात हवेत आणि बैठक जमिनीपासून १८ ते २० इंच. खोलगट सोफा घरात असला तर तो दुसऱ्या कुणाला द्या, बाबांना नको.

वळताना जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही. पडण्याचे बरेचसे प्रकार वळतानाच होतात. यू आकाराचं मोठं वळण घ्यायचं.

पाय जमिनीला चिकटणं कदाचित पुढे येईल, कदाचित येणारही नाही. आलं तर दारात, अरुंद जागी, फोन वाजल्यावर घाईत येतं. तेव्हा हात धरून ओढू नका. वरचं अंग पुढे जातं, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर येतो. थांबायचं, वजन डाव्या-उजव्या पायावर दोनदा झुलवायचं, ‘एक दोन’ म्हणून पहिलं पाऊल मोठं टाकायचं. दाराशी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे दीड-दीड फुटांवर लावले तर त्यांना ओलांडायच्या निमित्ताने पाय उचलला जातो.

घरात आत्ता करायच्या गोष्टी थोड्या आहेत. दारातली पायपुसणी आणि सुटी सतरंजी काढा. न्हाणीघरात भिंतीत पक्की दांडी बसवा, साधारण कंबरेच्या उंचीची. टॉवेलची दांडी वजन झेलत नाही. मागची पट्टी असलेली चप्पल वापरा, नुसती स्लिपर नको, आणि फार चिकट रबरी तळही नको, कारण पाय घासत चालणाऱ्याला तो अडवतो. चहाचा कप हातात घेऊन चालायचं नाही. एका वेळी एकच काम.

आवाजही व्यायामाने टिकतो. बाबांना आपण ओरडतोय असं वाटेल तेव्हा तो आवाज समोरच्याला जेमतेम नेहमीसारखा ऐकू येतो, हे त्यांना मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवल्याशिवाय पटत नाही. रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्र किंवा हरिपाठ मोठ्याने वाचायचा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याला ऐकू जाईल असा. शिकवायला स्पीच थेरपिस्ट मिळाले तर ‘एलएसव्हीटी लाऊड’ नावाची ठरलेली पद्धत आहे: आठवड्याला चार बैठका, चार आठवडे.

गोदातीर

बद्धकोष्ठाबद्दल कुणी बोललं नाही अजून. ते बऱ्याच जणांना असतं, आणि पुष्कळदा कंपाच्याही कितीतरी आधीपासून. पोट साफ नसेल तर गोळीसुद्धा नीट लागू पडत नाही, कारण ती आतड्यात पोचायला उशीर होतो. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी (हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर), रोज एक-दोन चमचे इसबगोल, पण पूर्ण पेलाभर पाण्यात आणि वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलं तर तेच घट्ट होऊन बसतं. कमोडवर बसताना पायाखाली सहा-सात इंचांचा पाट.

पण मला लिहायचंय ते खिशातल्या हाताबद्दल. पार्किन्सन्समधली उदासी ही फक्त ‘धक्का बसला म्हणून’ नसते. आजारात मेंदूतली जी रसायनं कमी होतात त्यांचाच तो भाग आहे, आणि ती कंपाच्या आधीही येते. त्यामुळे ‘मन खंबीर करा’, ‘बाहेर पडा म्हणजे बरं वाटेल’ हे बोलून उपयोग नाही. झोप, भूक, कशातच रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर पुढच्या भेटीत हे पहिलं सांगा, कंपाच्या आधी. त्यावर वेगळं औषध असतं आणि ते लागू पडतं.

दुसरं, चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात म्हणून माणूस रागावल्यासारखा, तुटक दिसतो. सुना, नातवंडं याचा अर्थ भलताच लावतात. घरात सगळ्यांना एकदा बसवून सांगा की चेहऱ्यावरून अंदाज करू नका, विचारा.

पुढे प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल (डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या) सुरू झालं तर एका गोष्टीवर लक्ष ठेवा. काही जणांना या औषधांनी अनावर ओढ लागते: ऑनलाइन रमी, शेअरची खरेदी-विक्री, लॉटरी, सतत खाणं, कामेच्छा वाढणं. घरचे लाजेने महिनोन् महिने लपवतात आणि पैसे जातात. हा स्वभाव नव्हे, औषधाचा परिणाम आहे, आणि डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला की बहुतेकदा ओसरतो. याच गोळ्यांनी बसल्या बसल्या एकदम झोप लागू शकते, म्हणून त्या सुरू झाल्यावर मोटारसायकल काही आठवडे बंद.

सदाशिवपेठी

गटाबद्दल मी लिहितो.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. सभा, तज्ज्ञांची व्याख्यानं असतात, आणि ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या सुमारास मोठा मेळावा होतो. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. तिचे गट अनेक शहरांत आहेत, विनामूल्य, आणि व्यायाम, वाचा, मानसोपचार अशा वेगवेगळ्या अंगांनी चालतात. ऑनलाइन सत्रंही होतात, कराडहून तीच सोयीची. दोन्हीकडे फोन करून ‘नवीन निदान आहे’ एवढं सांगा. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या मंडळींसाठी नृत्याचे वर्गही चालवले आहेत. ताल मिळाला की अडलेलं पाऊल सुटतं, हे तिथे बघायला मिळतं.

पहिल्या सभेबद्दल सावध करतो. नव्या माणसाला तिथे चाकाच्या खुर्चीतलं कुणी दिसतं, कुणाचं अंग औषधामुळे सतत डुलत असतं, आणि ‘उद्या आपलं हेच’ असं वाटून तो परत येत नाही. हे टाळता येतं. आधी फोन करून सांगा की आमचं नवं आहे, अशाच अवस्थेतल्या एक-दोघांशेजारी बसवा. पंधरा-वीस वर्षं आजार घेऊन स्वतःची कामं स्वतः करणारी माणसंही त्याच सभेत असतात, त्यांची ओळख करून द्यायला सांगा. आजाराचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. शेजारच्याकडे बघून स्वतःचं भविष्य काढता येत नाही. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. बाबा ‘गटाला’ यायला तयार नसतील तर तिथल्या व्यायामाला न्या. शब्द बदलला की पुष्कळदा पाय निघतो.

गट चांगला की नाही हे कसं ओळखायचं? तिथे कुणी काही विकत नाही. ‘माझी गोळी घेऊन बघा’ म्हणणाऱ्याला इतर लोक अडवतात. शुभंकरांना शुभार्थींपासून वेगळं बसून बोलायला वेळ मिळतो. बरे होण्याची हमी कुणी देत नाही. यातलं एक जरी उलट दिसलं तर नमस्कार करून निघा.

व्हॉट्सअॅप गटांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. सभेची वेळ, रिक्षाची सोय, वाढदिवस यासाठी उत्तम. डोस ठरवायला वाईट. ‘मी दिवसाला सहा घेतो, काही होत नाही’ हे वाक्य वाचून कुणीतरी तीनच्या सहा करतो.

कोयनाकाठ

खूप आभार, एवढं कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. दोन शंका. एका नातेवाइकांनी कवचबीजाची पावडर आणून दिलीय, ‘नैसर्गिक आहे, रोज चमचाभर’ म्हणून. द्यावी का? आणि कराडमध्येच पाचसहा जण जमले तर छोटा गट सुरू करता येईल का? त्याला नोंदणी वगैरे लागते का?

बिनसाखर

कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, अडचण तीच आहे. एका डब्यात किती आणि दुसऱ्यात किती याचा मेळ नसतो, आणि सोबत कार्बिडोपा नसतं. सिन्डोपावर चमचाभर टाकलीत तर डोस किती झाला हे डॉक्टरांनाही कळणार नाही. मळमळ, रक्तदाब उतरणं, अंग डुलणं, भास होणं यांपैकी काहीही होऊ शकतं, आणि सगळे दोष सिन्डोपाला देतील. द्यायचीच असेल तर लपवून नको, न्यूरोलॉजिस्टना डबा दाखवून.

जाता जाता आणखी एक: ‘गोळी लवकर सुरू केली तर लवकर निकामी होते’ असं कुणीतरी सांगेलच. पुढे गोळीचा असर कमी वेळ टिकतो तो मुख्यतः आजार पुढे सरकल्यामुळे, किती वर्षं गोळी घेतली यामुळे नव्हे. कळ सोसून दिवस काढण्यात फायदा नाही.

पुढच्या भेटीला जाताना तीन दिवसांची वही न्या: गोळीची वेळ, असर कधी आला, कधी उतरला, जेवण कधी, झोप. डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात, वही दिसली की त्यातली आठ कामी येतात.

सदाशिवपेठी

कराडमध्ये जरूर करा. नोंदणी लागत नाही. पैसे गोळा करायची वेळ येईपर्यंत तर अजिबात नाही. सहा शुभार्थी आणि त्यांचे शुभंकर इतके जमले तरी पुरे.

माणसं शोधायची कशी? डॉक्टरांकडे रुग्णांचे फोन नंबर मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊही नयेत. उलट करा: पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ‘कराड परिसरात पार्किन्सन्स असलेल्यांची भेट, महिन्यातून एकदा, विनामूल्य’ आणि एक फोन नंबर छापून तो न्यूरोलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि सिन्डोपा ठेवणाऱ्या औषध दुकानांच्या काउंटरवर ठेवायची परवानगी मागा. ज्याला यायचं तो स्वतः फोन करतो. ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र बहुतेक गावात असतं, जागा तिथेच मिळते.

जागा तळमजल्यावर हवी, आत यायला पायऱ्या नकोत, कमोड हवाच. खुर्च्या हाताच्या. प्लास्टिकच्या हलक्या खुर्च्या उठताना मागे सरकतात, त्या भिंतीला टेकवून लावा. वेळ सकाळी ११ ते १२.३० बरी, बहुतेकांची सकाळची गोळी चढलेली असते आणि जेवणाची घाई नसते. तरी मधल्या गोळीची वेळ कुणाची आहे हे आल्या आल्या वहीत लिहून घ्या आणि त्या वेळी मोबाईलचा गजर लावा. गप्पांत गोळी राहिली तर घरी परतताना त्रास होतो. वहीत नाव, घरच्यांचा नंबर, चालू औषधं एवढं पुरे. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि गावच्या गटांवर टाकायचा तर मुळीच नाही. काहींनी शेजाऱ्यांनासुद्धा सांगितलेलं नसतं.

पहिली पंधरा मिनिटं बसून करायचे व्यायाम. मग एक विषय अर्धा तास: एकदा फिजिओ, एकदा आहारतज्ज्ञ, एकदा कागदपत्रं. मग शुभंकर दुसऱ्या खोलीत, शुभार्थी इथेच, वीस-पंचवीस मिनिटं. ही वाटणी पहिल्या दिवसापासून करा. नवऱ्यासमोर बायको ‘रात्री चारदा उठावं लागतं’ म्हणत नाही, आणि बायकोसमोर नवरा ‘मला आंघोळ घालताना लाज वाटते’ म्हणत नाही.

खाण्यात चिवडा, भडंग, शेंगदाणे नकोत. गिळायला त्रास असणाऱ्याला कोरडं, भुरभुरीत खाताना ठसका लागतो. इडली, शिरा, केळं चालतं. चहा जड मगमध्ये अर्धाच भरून द्या, बशी नको. कंप असणारा माणूस चारचौघांत चहा नाकारतो तो सांडेल म्हणून. सगळ्यांनाच अर्धा मग दिला की कुणी वेगळं पडत नाही.

सुरुवातीला गट कुठे मोडतो सांगतो. एक, सगळं एकाच उत्साही शुभंकरावर पडतं आणि त्याच्या घरचं माणूस आजारी झालं की सभा बंद. म्हणून फोन करणारा, जागेची किल्ली आणणारा आणि चहा बघणारा असे तिघे वेगवेगळे ठेवा. दुसरं, प्रत्येक सभा डॉक्टरांच्या व्याख्यानाची होते, लोक रांग लावून आपापले रिपोर्ट दाखवतात, आणि एकमेकांशी बोलणं राहूनच जातं. वर्षातून दोन-तीन व्याख्यानं खूप झाली.

ताळेबंद

कागदपत्रांचं उत्तर राहिलंय.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. स्वावलंबन कार्डच्या (दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारी पोर्टलवर अर्ज, आधार, फोटो, न्यूरोलॉजिस्टचे कागद. मग तपासणीला बोलावतात. बहुतेक सवलतींना दिव्यांगत्वाचे ४० टक्के लागतात. आत्ताच्या अवस्थेत तेवढे मिळण्याची शक्यता कमी आहे, घाई करू नका. पुढे जाल तेव्हा गोळी किती वाजता घेतली होती आणि गोळी उतरल्यावर काय काय जमत नाही हे लेखी न्या. नाहीतर गोळी चढलेल्या तासाभरात तपासतात आणि टक्के कमी लागतात.

आयकर: १९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी उपचाराच्या खर्चाच्या वजावटीला आहे, ६० वर्षांवरील रुग्णासाठी १ लाखापर्यंत. न्यूरोलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि मज्जासंस्थेच्या आजारांना इथेही ४० टक्क्यांची अट आहे. ८०यू हे रुग्णाच्या स्वतःच्या उत्पन्नावर, ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाख. हे सगळं जुनी करप्रणाली निवडली तरच. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, तेव्हा सीएना आकड्याऐवजी विषय सांगा.

आरोग्य विमा चालू असेल तर तो खंडित होऊ देऊ नका. नवा घेतलात तर पार्किन्सन्स लपवू नका. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असते, पण लपवलेलं उघडकीला आलं तर दावा जातो. पुढे कधी डीबीएसची (मेंदूत बारीक तारा बसवून विद्युत संकेत देण्याची) शस्त्रक्रिया सुचवली तर खर्च काही लाखांच्या घरात जातो, तेव्हा हे कामी येतं.

पण तातडीचं काम वेगळंच आहे. अक्षर बारीक होतंय म्हणालात, म्हणजे सही बदलणार. चेकवरची सही जुळली नाही की चेक परत येतो. बँकेत जाऊन नव्या सहीचा नमुना आत्ताच द्या, आणि खातं आईंबरोबर ‘दोघांपैकी कुणीही’ असं संयुक्त करून घ्या. मुदत ठेवी, लॉकर, पोस्ट, सगळीकडे तेच. मृत्युपत्र करायचं असेल तर हात चालतोय तोवर, दोन साक्षीदारांसमोर. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला जीवन प्रमाणच्या अॅपवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, बोटाचे ठसे उमटत नाहीत म्हणून बँकेत तिष्ठत बसायला नको.

कोयनाकाठ

बँकेचं उद्याच करतो. चेहरा दाखवताना डोळे मिटझाप करायला सांगतात, बाबांची पापणी हल्ली फार कमी लवते. चालेल ना?

ताळेबंद

पापणी कमी लवणं याच आजाराचं लक्षण आहे, त्यामुळे एकदोनदा नाकारलं जाईल. गोळी चढलेल्या वेळी करा, खिडकीसमोर बसवा, चष्मा काढा, फोन तुम्ही धरा आणि ‘आता’ म्हणाल तेव्हा डोळे जोरात मिटून उघडायला सांगा. तरी झालं नाही तर पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो, त्याचं थोडं शुल्क असतं.